पुंगाटी सरांचं रक्त

"पण सर, थांबायचं कशासाठी?"

सौमित्र टिपणीसने हे तिसऱ्यांदा विचारलं. मलेरियाचा परजीवी ज्या एन्झाइमच्या जोरावर माणसाच्या रक्तात तग धरतो, ते एन्झाइम बंद पाडणारं औषध त्याने सात वर्षं खपून शोधलं होतं. प्रयोगात एकही परजीवी वाचत नव्हता. आता माणसांवर चाचणी घ्यायची. त्यासाठीचा अर्ज प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या पुंगाटी सरांच्या टेबलावर पडून होता. त्यांनी नाही म्हटलं, की सात वर्षं पाण्यात.

पुंगाटी सर गडचिरोलीच्या जंगलातल्या एका माडिया आदिवासी पाड्यातून आलेले. तिथे मलेरिया घरोघरी. सर बोलायचे कमी, आणि जे बोलायचे ते पुढे दोन दिवस टोचत राहायचं.

"परजीवी वाढवलेस कुणाच्या रक्तात?"

"रक्तपेढीतून आणलेल्या. पुण्याच्याच."

सरांनी बाही वर सारली आणि हात पुढे केला.

"आता याच्यात वाढव."

सौमित्रला हसूच आलं. रक्त ते रक्त, त्यात काय बघायचं? पण सरांशी वाद कोण घालणार... त्याने मुकाट्याने सुई टोचली.

चौथ्या दिवशी दुपारी तो औषध घातलेल्या दोन नळ्या घेऊन आला. एकीत पुण्याचं रक्त. पेशी तळाशी बसलेल्या, वरचं पाणी नितळ. दुसरीत सरांचं. तळाशी जवळजवळ काहीच नाही, वरपासून खालपर्यंत सगळं लाल.

"परजीवी?" सरांनी विचारलं.

"मेले. सगळे."

"आणि मी?"

"तुमच्या पेशी फुटल्या, सर." त्याला पहिल्यांदाच स्वतःच्या औषधाची भीती वाटली. "पेशींना सांभाळणारं एक एन्झाइम तुमच्या रक्तात जन्मापासूनच कमी असणार. माझं औषध तेही थोडं दाबतं. इतरांना ते सोसतं."

"माझ्या आईचं रक्त असंच होतं. पाड्यात बऱ्याच जणांचं आहे."

पण सौमित्र हार मानणाऱ्यांतला नव्हता. थोड्या वेळाने त्याचा चेहरा उजळला.

"सोपं आहे, सर. अर्जात स्पष्ट लिहितो. असं रक्त असणाऱ्यांना हे औषध देऊ नये."

सरांनी अर्ज त्याच्यापुढे सरकवला.

"लिही," ते शांतपणे म्हणाले. "आणि एक प्रत डासांना पाठव."