वरच्या बिळांची झाडलोट

माणूस भातखाचरांना बांध घालायला नुकता शिकला होता, तेव्हाची ही गोष्ट. एका बांधावर खेकड्यांची वस्ती होती. ज्यांचे नांगे मोठे, त्यांनी माथ्यावर बिळे केली. बाकीचे पायथ्याला राहिले. सकाळी उठून जो तो आपले बीळ झाडी आणि घाण उतारावरून खाली लोटून देई.

पायथ्याला राहणाऱ्या भागी नावाच्या खेकडिणीची दोन पिल्ले कवच कुजण्याच्या रोगाने गेली. उरलेल्या पिल्लाच्या पाठीवर पांढरा डाग दिसला, तशी ती धापा टाकत माथ्यावर गेली.

"तिथंच थांब, भागे," वस्तीचे थोरले नारोपंत बिळातूनच म्हणाले. "रोग वर नको आणूस. तुम्ही खालची मंडळी बिळं झाडत नाही, मग असं होतं."

"झाडते की, पंत. पण माझ्या दारापुढं उतार कुठाय? लोटलेलं परत आत येतं, वर तुमचंही येतं. तेवढं तुमचं पलीकडच्या अंगाला लोटा. पोर वाचेल माझं."

"पलीकडं?" नारोपंतांना हसू आले. "अगं, तिकडं आमचं प्यायचं पाणी आहे."

आपल्यालाच नीट मागता आले नसेल, असे मनाशी म्हणत भागी उतरली आणि बिळाच्या तोंडाशी आडवी बसून वरून येणारा चिखल अंगावर झेलू लागली. तरी पिल्लू वाचले नाही.

बातमी कळताच माथ्यावर सगळे हळहळले. नारोपंत तर जेवलेही नाहीत. आणि त्या दिवसापासून, खबरदारी म्हणून, वरची बिळे संध्याकाळीही झाडली जाऊ लागली.