शीतळाई, जरा सरकून नीज

ऐका शीतळाई, तुमची कहाणी. बायांनो, हातात तांदळाचे दाणे घ्या, लेकरांना जवळ ओढा आणि कुजबुज थांबवा. कहाणी झाल्यावर बोलायला आख्खी दुपार पडली आहे.

नदीच्या काठाला एक आटपाट गाव होतं. त्या गावात एका कोष्ट्याचं घर होतं. घरात माग होता, मागावर सूत होतं, चुलीशी सासू होती, सासूच्या हाताखाली सून होती, सुनेच्या कडेवर लेक होती. सासूचं नाव द्वारका, सुनेचं नाव भिवरा, लेकीचं नाव ठकू. पुरुषमाणसं लुगड्यांची गाठोडी घेऊन बाजाराला गेली होती, ती चार दिवसांनी परतायची होती.

त्या काळची तऱ्हाच निराळी होती. माठात वाळा टाकलेला असायचा, पाण्याला त्याचा वास यायचा. वर्षातून दोनदा कल्हईवाला यायचा, वडाखाली भट्टी मांडायचा, भाता ओढायचा. नवसागराचा पांढरा धूर उठायचा, पोरं नाक दाबून बघत उभी राहायची, आणि काळंकुट्ट पातेलं लखलखीत होऊन बाहेर यायचं. आता ती भट्टी गेली, तो भाता गेला, हाक मारत येणारा तो माणूसही गेला. ज्यांनी तो वास घेतला आहे, त्यांच्या नाकातून मात्र तो जायचा नाही.

तर त्या वर्षी कल्हईवाला आला. पहिल्या दिवशी हाक मारली, सासू म्हणाली, "पाऊस आहे, उद्या ये." दुसऱ्या दिवशी हाक मारली, सासू म्हणाली, "मागाचं काम आहे, उद्या ये." तिसऱ्या दिवशी हाक मारली, सासू म्हणाली, "आता पुढच्या फेरीला बघू." मग कल्हईवाला पुढच्या गावी गेला. घरातल्या मोठ्या पितळी पातेल्याची कल्हई उडालेली होती, तळ पिवळा पडला होता. तो पिवळाच राहिला.

मग श्रावणमास आला. शुद्ध पक्षातली शिळासप्तमी आली. तुम्हाला ठाऊकच आहे, षष्ठीला रांधायचं, सप्तमीला थंड खायचं. चूल सारवायची, हळदकुंकू वाहायचं, विस्तव दाखवायचा नाही. त्या दिवशी शीतळाई चुलीत येऊन निजते. षष्ठीला सासूनं भात केला. त्यात आंबट दही कालवलं. मोठ्या पितळी पातेल्यात भरला, वर झाकण ठेवलं.

भिवरेनं पातेल्याचा तळ पाहिला. आंबट पितळेत ठेवू नये, कळकतं, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. शब्द ओठांपर्यंत आला. पण लग्न होऊन आली तेव्हा तिनं दोनदा आईचं नाव काढलं होतं, आणि दोन्ही वेळा सासू म्हणाली होती, "तुझ्या माहेरचा शहाणपणा माहेरी ठेव." तेव्हा भिवरा गप्प बसली. चुकलीच ती. सुनेनं गप्प बसावं असं सगळे म्हणतात, पण पातेल्याचा तळ पिवळा दिसला तर गप्प बसू नये.

मग सप्तमी उजाडली. सासूनं चुलीची पूजा केली, ठकूला मांडीवर घेतलं, दोघी दहीभात जेवल्या; चव उतरली होती, ती सासूनं आंबट दह्यावर घातली. आजीचा घास नातीला, नातीचा घास आजीला. मग भिवरा जेवायला बसली. पहिला घास तोंडात घातला तर जीभ चरचरली. तिनं तो थुंकला आणि पातेलं उचलून उकिरड्यावर नेऊन उपडं केलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दोन घटका गेल्या. मग सासूच्या पोटात कळ आली, ठकूच्या पोटात कळ आली. ओकाऱ्या झाल्या, ढाळ लागले. भिवरा एकीला धरी, दुसरीला पुशी, ओलं उचली, कोरडं अंथरी. शेजारणीला हाक मारून तिनं पैलतीरावरच्या वैद्यबुवांना सांगावा धाडला. पण नदी दोन्ही थड्या भरून चाललेली. उतार पडल्यावाचून नावाडी नाव सोडीना.

सासू माठाला पाठ लावून बसली. म्हणाली, "पाणी बंद. ओकारीवर पाणी दिलं की ओकारी वाढते. आमच्यात असंच करतात."

ठकू म्हणाली, "आई, पाणी." सासू म्हणाली, "पोट रिकामं होऊ दे." दुसऱ्यांदा ठकू म्हणाली, "आई, पाणी." सासू म्हणाली, "ऊन कलू दे." तिसऱ्यांदा ठकूचे नुसते ओठ हलले. सासूनं तोंड फिरवलं. पोर रडत होती आणि डोळ्यांत पाणी येत नव्हतं. डोळे खोल गेले, जीभ सुकली. भिवरेनं पोटाची कातडी चिमटून पाहिली, ती तशीच उभी राहिली. सकाळपासून अंथरूण लघवीनं भिजलं नव्हतं.

इतक्यात दारात एक म्हातारी आली. अंगावर ओलं लुगडं, हातात काठी. म्हणाली, "बाई गं, घोटभर पाणी दे." दारच्याला पाणी नाही म्हणायचं नाही, म्हणून सासू माठापासून जरा हलली. भिवरेनं तांब्या भरून दिला. म्हातारी घटाघटा प्यायली, आणि सगळं अंगणात ओकली. म्हणाली, "आणखी दे." भिवरेनं अर्धा तांब्या दिला. म्हातारी प्यायली, तेही पडलं. सासू आतून म्हणाली, "बघ! सांगत नव्हते मी?"

म्हातारी तिसऱ्यांदा म्हणाली, "आणखी दे. आणि भिवरे, तुझी आई कशी द्यायची, तसं दे."

म्हातारीला आपलं नाव कसं ठाऊक, हे विचारायचंही भिवरेला सुचलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे माहेर उभं राहिलं. ती एवढीशी होती, तापानं आणि ओकाऱ्यांनी गळून गेली होती, आणि आई उशाशी वाटी-चमचा घेऊन बसली होती. आई एक चमचा पाजायची, मग एक ओवी म्हणायची, मग दुसरा चमचा. ओवी संपल्याशिवाय दुसरा चमचा नाही.

घोट घोट पाणी, जाईच्या गं रोपा,
दुखण्या जा दूर, लेक घेई झोपा.

आईचा आवाज घोगरा होता, ओवी दर वेळी एकाच जागी चुकायची. किती वर्षं झाली होती ती ऐकून. सासुरवाशीण माहेराचं नाव काढत नाही, पण विसरतही नाही. भिवरेनं चमचा आणला, म्हातारीला एक चमचा पाजला, ओवी म्हटली. दुसरा पाजला, ओवी म्हटली. तिसरा पाजला. पाणी पोटात राहिलं.

मग म्हातारी म्हणाली, "माझं झालं. आता तुझ्या लेकीला पाज. पण हे नदीचं गढूळ पाणी नको. उकळून, निववून दे."

"कसं उकळू? आज चूल बंद. चुलीत शीतळाई निजली आहे."

"तिला विचारलंस का?" म्हातारी म्हणाली आणि ओसरीत आडवी झाली.

मग भिवरा चुलीपुढे बसली. सासू ओरडली, "विस्तव घालशील तर घर बुडवशील!" भिवरा आयुष्यात पहिल्यांदा उलटून बोलली, "आत्याबाई, घर बुडायचं तर बुडो. माझी लेक मी सुकू द्यायची नाही." तिनं हात जोडले, डोकं टेकलं आणि म्हणाली, "आई शीतळाई, जरा सरकून नीज. एवढं एक भांडं पाणी उकळते, मग चूल तुझी तुला."

तिनं चकमक झाडली. पहिल्यांदा ठिणगी विझली. दुसऱ्यांदा ठिणगी विझली. तिसऱ्यांदा कापसानं पेट घेतला. तेव्हा चुलीतली राख आपोआप एका अंगाला सरकली, कुणी कुशीवर वळावं तशी. सासूनं ती पाहिली, आणि तिचा हात तोंडावर गेला.

भिवरेनं मातीच्या मडक्यात पाणी उकळलं, निववलं, लहान तांब्यात ओतलं. तीन बोटांच्या चिमटीत आलं तेवढं मीठ घातलं. चार बोटांवर मावला तेवढा गूळ चिरून घातला, ढवळलं, आणि आधी स्वतः चाखलं. आई सांगायची, डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागता कामा नये. लागलं तर टाकून द्यावं, नवं करावं. मग ठकूचं डोकं मांडीवर घेतलं. एक चमचा, एक ओवी. पाचव्या चमच्याला पोर ओकली. भिवरा दहा ओव्या थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून लागली. ती आईसारखीच त्या जागी चुकत होती.

चुलीवर तिनं मूठभर तांदळांची पातळ पेज केली, त्यात मिठाचा खडा टाकला. कोष्ट्याच्या घरात तांदळाची खळ रोज व्हायची. कोरडं सूत तुटतं म्हणून ताण्याला खळ द्यायची, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक; कोरड्या पडलेल्या माणसाला पेज द्यावी, हे कुणाला सुचलं नव्हतं. ताजी पेज वाटीत निवली, तीही चमच्या-चमच्यानं गेली.

ऊन कललं. ठकूनं डोळे उघडले. मग ती रडली, आणि तिच्या गालांवरून खरंखुरं पाणी ओघळलं. मग तिनं आईची मांडी भिजवली. बायांनो, हसू नका! त्या लुगड्याला भिवरेनं कपाळ टेकलं. कुठल्या आईनं लेकराच्या मुताला नमस्कार केला असेल तर तो तिनं केला.

म्हातारी ओसरीतून उठली. तिच्या खालची जमीन गारेगार झाली होती. भिवरेनं ओळखलं, पाय धरले. "आई, चूल पेटवली, मला क्षमा कर." शीतळाई म्हणाली, "वेडे, मला थंडावा आवडतो. सुकल्या ओठांच्या घरात मला कसला थंडावा? माझी सप्तमी पाळा. पण घरात दुखणाईत असेल तर चूल पेटवा, मला हाक मारा, मी सरकेन. आंबट पितळेत ठेवू नका, शिळं झालं म्हणून नासलेलं खाऊ नका, मागितलं पाणी नाकारू नका. पाणी पोटात राहीनासं झालं, ढाळांत रक्त दिसलं, माणूस गुंगीत गेलं, तर देवाच्या नावानं बसू नका, वैद्याला आणा." असं म्हणाली आणि दिसेनाशी झाली.

मग नदीला उतार पडला. नाव सुटली, वैद्यबुवा आले. त्यांनी ठकूची नाडी पाहिली, जीभ पाहिली, वाटीतलं पाणी चाखलं. म्हणाले, "हे कुणी पाजलं? पाणी बंद ठेवलं असतं तर माझी खेप वाया जाती." मग सासूकडे वळले. "आणि ह्या बाईंची जीभ अशी का? ह्यांना पाणी का नाही?"

भिवरा चमचा घेऊन सासूजवळ गेली. सासूनं ओठ मिटून घेतले. पुन्हा नेला, पुन्हा मिटले. तिसऱ्यांदा नेला, तेव्हा ती म्हणाली, "मला नको. मी नाही घ्यायची."

"का, आत्याबाई?"

मग सासूचा बांध फुटला. "भिवरे, मला एक लेक होती गं. कृष्णी. सहा वर्षांची. तिला असंच झालं होतं. ती तीनदा म्हणाली, आई, पाणी. मोठी माणसं म्हणाली, द्यायचं नाही, मी दिलं नाही. माठ हाताशी होता. हात पुरत होता. आज ठकू पाणी पिऊन उठली. मग माझी कृष्णी कशानं गेली, ते मी आता कुणाला विचारू?"

वैद्यबुवांनी मान खाली घातली. ती बाई माठाला पाठ लावून का बसली होती, ते भिवरेला त्या घडीला कळलं. पाणी द्यायचं असतं हे कबूल केलं असतं, तर तिला जगता आलं नसतं.

भिवरेनं सासूचं डोकं मांडीवर घेतलं, जसं ठकूचं घेतलं होतं तसं. म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आत्याबाई. मला आईनं सांगितलं होतं, तरी काल पातेलं बघून मी गप्प बसले. दोघींचंही चुकलं. आता हा घोट कृष्णीच्या वाटचा आहे. तिनं मागितला होता. तिच्या नावानं तुम्ही घ्या."

सासूनं तोंड उघडलं. पहिला चमचा घेतला. भिवरा ओवी म्हणू लागली, तर घसा बसलेला, आवाज उमटेना. मग सासूच हळू आवाजात म्हणू लागली. दुपारभर ऐकून तिला ती पाठ झाली होती.

तेव्हापासून त्या घरात शिळासप्तमीला आधी उकळून निववलेल्या पाण्याची वाटी पुजतात. पहिला चमचा कृष्णीच्या नावानं तुळशीला घालतात, दुसरा सासू सुनेला पाजते, तिसरा सून सासूला पाजते, मग कहाणी सांगतात. पुढं द्वारका पुष्कळ जगली, आणि तिच्या दारावरून कुणी तहानलेलं गेलं नाही.

जशी शीतळाई भिवरेच्या हाकेला सरकली, तशी तुमच्या-आमच्या हाकेला सरको. जसा ठकूच्या डोळ्यांत ओलावा आला, तसा घरोघरच्या लेकरांना येवो. जिनं मागितलं आणि जिला मिळालं नाही, तिलाही आज पोचो. ही साठा घोटांची कहाणी पाचा घोटांत सुफळ संपूर्ण.