पवळीमायची रिकामी जागा

श्रावणातला सोमवार. दुपारचे दोन. दाभेमाळच्या खाली माणी नदीला पूर होता आणि काठावर, झोळीतच, जाणकी मेली. पोटातलं मूल आडवं होतं. त्याचा एक हात बाहेर आला, बाकीचं आलं नाही. दवाखाना नदीपलीकडे सात कोसांवर होता.

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा डोंगरात रस्ता नव्हता, नदीला पूल नव्हता, आणि डॉक्टर कसा दिसतो हे म्हाताऱ्याकोताऱ्यांनासुद्धा ठाऊक नव्हतं. होती ती पवळी. जाणकीची आई आणि नऊ पाड्यांची सुईण. तिच्या हातांवर हजार पोरं जन्मली, असं म्हणतात. कुणाच्याही घरी गेली तरी ती उंबऱ्याबाहेर थांबायची, पदराला हात पुसायची आणि आत कण्हणाऱ्या बाईला विचारायची, "येऊ का, माय?" आतून हो आल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. सोळा वर्षांची पोर असली तरी तिला मायच म्हणायची. त्या दिवशी स्वतःच्या लेकीलाही तिने तसंच विचारलं होतं.

झोळीचा पुढचा दांडा पवळीच्या धाकट्या भावाच्या, देवजीच्या खांद्यावर होता. त्याने पाहिलं, बहीण रडत नव्हती. आपलेच हात उलटेपालटे करून बघत होती.

"देवज्या," ती म्हणाली, "आत काय अडलं ते मला दिसलंच नाही रे."

जाणकीला नदीवरच्या टेकाडावर पुरलं. पवळीने शेजारची माणूसभर जागा दगडांनी आखून घेतली आणि म्हणाली, "ही माझी."

पुढे चार वर्षांनी घाटाखालच्या आंबेघाट गावात, जंगलखात्याच्या रिकाम्या वखारीत, डॉक्टरकीची शाळा निघाली. काढली ती सबनीस नावाच्या एका हट्टी डॉक्टराने. डोंगरातल्या माणसांसाठी डॉक्टर डोंगराच्या पायथ्याशीच घडवायचे, असं त्याच्या मनात होतं. बावीस मुलंमुली आली. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की शिकवणं ऐकू यायचं नाही, मग सगळे गप्प बसून हाडांची चित्रं काढायचे. पण माणसाचा देह उघडून पाहिल्याशिवाय कुणी डॉक्टर होत नाही, आणि वखारीत देह नव्हता. वर्षाच्या आत मिळाला नाही तर शाळा बंद करा, असं वरून पत्र आलं. सबनीस पाड्यापाड्यांवर फिरले. लोकांनी त्यांच्या अंगावर कुत्री सोडली.

ते दाभेमाळला आले तेव्हा पवळी नागलीची भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाई आतून कशी असते, पोर कुठं अडतं, ते दिसतं का त्यात?"

"दिसतं, आजी."

"आणि आत्ता तुझी पोरं काय बघतात?"

"चित्रं."

"चित्रातल्या बाईला कळा येत नाहीत, लेका. मेल्यावर मला ने."

देवजी भडकला. "अक्का, कोंबडीसारखी सोलतील तुला!"

"कोंबडीला कुणी विचारत नाही. मला विचारून सोलतील."

"आणि जाणकीशेजारची जागा? ती काय डुकरांनी उकरायची?"

तेव्हा पवळीने डॉक्टराकडून दोन वचनं घेतली. दाभेमाळला कायमचा एक डॉक्टर द्यायचा. आणि शिकून झालं की तिची हाडं परत आणून लेकीशेजारी ठेवायची. सबनिसांनी चुलीपुढे हात धरून शब्द दिला. मग ती भावाला म्हणाली, "डावा हात बघून घे. बाळंतपणाला जाताना घाटात पडले होते ना, तिथं हाडावर गाठ आहे. दुसऱ्याच कुणाला घरी आणशील, वेंधळ्या."

वर्ष सरायच्या आत, भादव्यात, पवळीने एका सकाळी अंघोळ केली, नवं लुगडं नेसली, "पोरांचा खोळंबा होतोय," म्हणाली आणि आडवी झाली ती झालीच, असं म्हणतात.

जाणकीची झोळी होती तीच खांद्यावर घेऊन माणसं निघाली. माणीला पूर होता. पण देवजीने पाण्यात पाय टाकला आणि नदी उतरत उतरत गुडघ्याला आली, असं म्हणतात. लेकीला नाकारलेली वाट तिने आईला दिली. माणसांनी हात जोडले. देवजीने नाही जोडले. तो पाण्यावर थुंकून म्हणाला, "आता देतेस होय, भवाने?"

वखारीत सबनिसांनी सुरी लावली, ती लागेना. दुसरी घेतली, ती वाकली. बावीस जण भिंतीला पाठ लावून उभे. दारातून देवजी ओरडला, "अहो, विचारा की तिला आधी!" तेव्हा त्यांच्यातली नऊ पाड्यांतलीच एक मुलगी पुढे आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "येऊ का, माय?" मग सुरी पाण्यातून जावी तशी गेली, असं म्हणतात.

शाळा वाचली. बाविसांचे पन्नास झाले, पन्नासांचे शंभर. पत्रे जाऊन स्लॅब आला. दर वर्षी नवी पोरं यायची, शिकणं संपायचं नाही, आणि पवळीची हाडं पेटीतच राहिली. मग सबनीस वारले. मोठे डॉक्टर म्हणाले, या आडरानात शिकवायला कोण येणार? शाळा जिल्ह्याच्या शहरात गेली, त्र्याऐंशी किलोमीटर. नावात 'ग्रामीण' तेवढं राहिलं.

देवजी शहरात गेला. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "कुठल्या बाईची हाडं, बाबा?"

"पवळीची."

"हाडांवर नाव नसतं."

"गाठ असते. डाव्या हाताला. मी ओळखीन, आत तर जाऊ द्या."

"पुढच्या महिन्यात या."

तो अकरा वर्षं जात राहिला. शेवटच्या वर्षी पायऱ्या चढवेनात, म्हणून फाटकाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्या पोरांचे डावे हातच बघत होता, असं म्हणतात. परत आला आणि महिन्याभरात गेला.

आजही त्या कॉलेजात पहिल्या दिवशी मुलं हात पुसून देहाला विचारतात, "येऊ का, माय?" कुणाला विचारतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. दाभेमाळला दवाखान्याची इमारत आहे. पाटीवर 'वैद्यकीय अधिकारी' असं लिहून पुढची जागा कोरी सोडली आहे. कुलूप गंजलं आहे.

आणि दर भादव्यात दाभेमाळची माणसं टेकाडावर जातात. जाणकीशेजारचं गवत काढतात, दगडांच्या आत कमरेइतका खड्डा खणतात आणि वाटेकडे तोंड करून बसतात. दिवस मावळला की खड्डा बुजवून घरी येतात.

यापुढचं मात्र 'असं म्हणतात' नाही. हे कागदावर आहे. वखार सोडतानाच्या सामानाच्या यादीत बावन्नाव्या ओळीवर लिहिलंय, 'मानवी हाडे, स्त्री, पेटी एक.' शहरात सामान उतरवून घेतल्याच्या यादीत एक्कावन्ननंतर एकदम त्रेपन्न आहे. दोन्ही याद्यांखाली सही एकाच माणसाची आहे.