उजवी गाठ, डावी गाठ

त्या राज्यात जमीन नव्हती. होते ते जाळे, एका बाजूने भिंतीला आणि दुसऱ्या बाजूने एका खुंटाला बांधलेले. आठ पायांच्या कोळ्यांच्या कैक पिढ्या त्यावरच जन्मल्या आणि त्यावरच संपल्या. सारे ज्ञान धाग्यांवर गाठी मारून लिहिलेले होते. उजवी गाठ म्हणजे एक अक्षर, डावी म्हणजे दुसरे. गाठीवर नजर रोवून, एकेक करत टोकापर्यंत जायचे, याला वाचणे म्हणत. ज्याला मोठा धागा वाचता येत नसे, त्याला जाळ्यावरून खाली सोडून देत. खाली काय आहे, ते कुणी परत येऊन सांगितले नव्हते.

वेणूचे वाचायला बसले की हाल होत. एका गाठीकडे बघावे, तर शेजारच्या गाठी तिच्यावर गर्दी करत, उजवीची डावी होई आणि ओळ सुटून जाई. बिचारी कपाळ ठणकेपर्यंत बसे, तरी लोक म्हणत, आळशी आहे. अष्टेकर गुरुजी मनाने वाईट नव्हते. त्यांना उपायच एक ठाऊक होता. "पुन्हा पहिल्यापासून," ते म्हणत.

परीक्षेच्या सकाळी सगळे राज्य जमले. वेणूने पहिल्या गाठीवर डोळे टेकवले आणि गाठी नाचू लागल्या. दमून तिने मान वर केली, तर नेहमीप्रमाणे अख्खे जाळे तिला एका नजरेत दिसले. वरचे धागे तटतटले होते, खालचे लोंबत होते. काल असे नव्हते.

"गुरुजी, खुंट हलतोय. सगळ्यांना भिंतीकडे न्या."

"वाच म्हटलं की तुझं हे असं," गुरुजी कळवळून म्हणाले. "अगं, खुंटापाशीच लिहिलंय. चल, दाखवतो."

जाळे ज्याला बांधले होते, त्या काळ्या बाकदार खुंटापाशी ते तिला घेऊन गेले. मागोमाग सारी सभा आली.

"'खुंट अढळ आहे.' ही बघ, उजवी गाठ."

"मला नापास करा, खाली सोडा हवं तर. पण आधी यांना हलवा हो!" वेणू रडवेली झाली होती. तिने गुरुजींचा मागचा पाय धरून भिंतीकडे ओढला.

"थांब, नीट बघू दे," म्हणत गुरुजी आणखी वाकले. सगळी विद्वान मंडळी आपले आठ-आठ डोळे त्या एका गाठीला लावून उभी राहिली. त्यांच्या पाठीमागे, खुंटाच्या बुडाशी, पेरूएवढा एक ओला डोळा उघडला आणि रवंथ संपवून म्हैस उठायला लागली.