पत्र्यावरचे चिरे

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात पत्र्यांचे बोल्ट गंजले होते. वादळाचा इशारा आला, तशी नवी इंजिनीअर शलाका मालकांना म्हणाली, "नाना, बोल्ट आजच बदलूया. खाली चाळीस बायका बसतात."

"बोल्ट कशाला? पत्र्यावर आणखी चार जांभ्याचे चिरे ठेव. तुझ्या जन्माआधीपासून आम्ही तेच करतो. कॉलेजात वारा शिकवतात होय गो?"

एवढं सुनावून नाना स्कूटरवर बसले आणि हेल्मेटचा पट्टा आवळू लागले.

"पट्टा कशाला, नाना?" शलाका म्हणाली. "डोक्यावर एक चिरा ठेवा की!"

दारातल्या बायका खो खो हसल्या. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग वर चिऱ्यांकडे.

"बोल्ट किती आणायचे?" ते पुटपुटले, आणि पट्टा नीट तपासून निघाले.