चिंची चिचुंद्रीचा ट्रॅक्टर

ओढ्याकाठी एक शेत होतं.
केवढं? एक गोधडी अंथरली की संपलं, एवढं!
त्या शेताची मालकीण कोण? चिंची चिचुंद्री.

चिंचीचं नाक लांब. चिंचीचे डोळे बारीक. चिंचीची पिल्लं चार.
आई निघाली की पिल्लांची आगगाडी निघायची. पहिलं पिल्लू आईची शेपटी धरायचं. दुसरं पहिल्याची, तिसरं दुसऱ्याची, चौथं तिसऱ्याची.
तुरू तुरू तुरू!

चिंचीचा नांगर होता काडीचा. त्याला बैल नव्हते. त्याला होते दोन काळे भुंगे. भुंगे म्हणायचे, गूं गूं गूं. नांगर म्हणायचा, खर्र खर्र खर्र.

एके दिवशी काय झालं? शेताला पाणी दिलेलं. माती झाली लोण्यासारखी मऊ. चिंचीनं भुंगे जुंपले. "चला रे, माझ्या राजांनो!"
भुंगे म्हणाले, गूं गूं गूं... भुर्रर्र!
उडाले की! नांगर घेऊन उडाले!

चिंची वर बघतच राहिली.
"अगं बाई! आज माती मऊ. उद्या माती दगड. आज नांगरलं नाही, तर शेंगा कुठं पेरू? पिल्लांना काय भरवू?"
पिल्लं म्हणाली, "आई, आता गं?"
चिंचीनं पदर खोचला. पेरायच्या शेंगा घरात ठेवल्या. उरलेल्या शेंगांचं गाठोडं डोक्यावर घेतलं. नाक वर केलं.
"आता ट्रॅक्टर!"

चिंची निघाली बाजाराला. तुरू तुरू तुरू. मागं पिल्लं. तुरू तुरू तुरू.

पहिलं दुकान हत्तीदादांचं.
"या ताई, या! नुसतं बघायला काही पडत नाही!"
"हत्तीदादा, हत्तीदादा, ट्रॅक्टर दाखवा. माझा पाय पोचेल का? माझ्या शेतात मावेल का?"
"पोचेल की! मावेल की! बसून तर बघा!"
हत्तीदादांनी सोंडेनं उचललं. चिंचीला सीटवर ठेवलं. पिल्लांनाही ठेवलं.
सीट गुळगुळीत. चिंची घसरली. घसर घसर घसर... धप्प!
मागून पिल्लं. धप्प! धप्प! धप्प! धप्प!
"बाई बाई! याचं एक चाकच माझ्या शेताएवढं!"
"अहो ताई, याला पंखा आहे! याच्यात गाणी वाजतात!"
पण चिंची गेलीसुद्धा. तुरू तुरू तुरू.

दुसरं दुकान उंटमामांचं.
"उंटमामा, उंटमामा, ट्रॅक्टर दाखवा. माझा पाय पोचेल का? माझ्या शेतात मावेल का?"
"हा बघ. शिडी लावून चढ."
चिंची चढली. चढली, चढली, चढली. वर पोचली आणि गरगरली.
"मामा, इथून माझं शेत दिसेल हो. पण नांगरणार कसं?"
उतरली, उतरली, उतरली. आणि निघाली. तुरू तुरू तुरू.

तिसरं दुकान बेडूकशेठचं. दुकान इवलंसं. आत ट्रॅक्टर इवलासा. लालचुटुक! वांग्याएवढा! मागं नांगरही जोडलेला!
"बेडूकशेठ, बेडूकशेठ, माझा पाय पोचेल का? माझ्या शेतात मावेल का?"
"डराव! बसा ना ताई!"
चिंची बसली. पाय पोचला!
चिंचीनं भोंगा दाबला. पीं!
पिल्लांनी भोंगा दाबला. पीं! पीं! पीं! पीं!
चिंचीच्या मिशा थरथरल्या. "हाच! हाच माझा ट्रॅक्टर! शेठ, ट्रॅक्टर द्या, शेंगा घ्या!"
बेडूकशेठनं मान हलवली. "थांबा ताई. चाकं बघा. सगळी बसली आहेत. बसक्या चाकाचा ट्रॅक्टर मी दुकानाबाहेर सोडत नाही. डराव! पलीकडं साळूकाका आहे. त्यानं हवा भरली, की ट्रॅक्टर तुमचा."

चिंची निघाली. तुरू तुरू तुरू.
साळूकाका म्हणजे साळिंदर. अंगभर काटेच काटे! आणि काम काय? पंक्चर काढायचं!
"साळूकाका, साळूकाका, हवा भरा!
बेडूक ट्रॅक्टर देईना,
शेत माझं नांगरेना!"
साळूकाका म्हणाला, "कशी भरू, ताई? माझाच काटा पंपाच्या नळीला टोचला. फुस्स! आता भोकाला डिंक लावायला हवा. डिंक आण, हवा भरतो."

चिंची निघाली. तुरू तुरू तुरू.
चौकात होतं कडुनिंबाचं म्हातारं झाड.
"निंबआजोबा, निंबआजोबा, डिंक द्या!
साळू हवा भरीना,
बेडूक ट्रॅक्टर देईना,
शेत माझं नांगरेना!"
निंबआजोबा म्हणाले, "कसा देऊ गं, पोरी? वर माकड बसलंय. मला गुदगुल्या करतंय. खी खी खी! हसता हसता डिंकच सुटेना. माकडाला खाली उतरव, डिंक देतो. खी खी खी!"

चिंचीनं मान वर केली.
"माकडदादा, माकडदादा, खाली उतर!
निंब डिंक देईना,
साळू हवा भरीना,
बेडूक ट्रॅक्टर देईना,
शेत माझं नांगरेना!"
माकड म्हणालं, "कसा उतरू? खाली कुत्रा भुंकतोय ना! पाय सोडला, की भो! शेपूट सोडली, की भो! कुत्र्याला गप्प कर, मग उतरतो."

चिंची कुत्र्याकडं गेली. जवळ नाही हं. थोडी लांबच उभी राहिली. पिल्लं आईमागं लपली.
"कुत्रेभाऊ, कुत्रेभाऊ, गप्प बस!
माकड खाली उतरेना,
निंब डिंक देईना,
साळू हवा भरीना,
बेडूक ट्रॅक्टर देईना,
शेत माझं नांगरेना!"
कुत्रा म्हणाला, "कसा गप्प बसू? भो! कानात गोचीड बसलीय. भो! कुट्टकन चावते. भो! कावळ्यानं गोचीड काढली, की गप्प बसतो. भो! भो!"

चिंची निघाली. तुरू तुरू तुरू.
समोर गुऱ्हाळ होतं. तिथं गूळ करतात. गुऱ्हाळाच्या छपरावर कावळा बसलेला.
"कावळेदादा, कावळेदादा, गोचीड काढ!
कुत्रा गप्प बसेना,
माकड खाली उतरेना,
निंब डिंक देईना,
साळू हवा भरीना,
बेडूक ट्रॅक्टर देईना,
शेत माझं नांगरेना!"
कावळा म्हणाला, "म्म्म."
"काय?"
"म्म्म! म्म्म म्म्म म्म्म!"
"अरे, नीट बोल की!"
"म्म्म्म्म्म!"

आता काय करायचं? ऊन उतरायला लागलं. तिकडं शेतात माती सुकायला लागली. चिंची रस्त्यातच बसली. डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. एक पिल्लू मुसमुसलं. मग दुसरं मुसमुसलं. चिंचीचंही नाक ओलं झालं.
तिनं नाक पुसलं. सूं. नाक मोकळं झालं. आणि काय? नाकात वास शिरला!
सूं सूं सूं. गोड वास!
सूं सूं सूं. कावळ्याच्या चोचीतून येतोय!
"गूळ! कावळेदादा, तुझ्या चोचीत गूळ चिकटलाय!"
कावळ्यानं जोरजोरात मान डोलावली. "म्म्म! म्म्म!"
चिंची टुणकन उठली. गाठोडं उचललं. गूळ कोण खाईल? पटकन कोण खाईल? सगळा कोण खाईल?

चिंची पळाली वारुळाकडं. तुरू तुरू तुरू तुरू तुरू!
"मुंगीताई, मुंगीताई, गूळ खा!
कावळा चोच उघडेना,
कुत्रा गप्प बसेना,
माकड खाली उतरेना,
निंब डिंक देईना,
साळू हवा भरीना,
बेडूक ट्रॅक्टर..."
"अगं, पुरे!" मुंगीताई म्हणाली. "गूळ म्हणालीस ना? आमची रांग केव्हाच निघाली!"

मग काय मजा!
मुंग्या छपरावर चढल्या. चुटू चुटू चुटू, गूळ खाल्ला.
कावळ्यानं चोच उघडली. काव! गोचीड काढली. टुक!
कुत्रा गप्प बसला. इतका गप्प, की घोरायलाच लागला. घुर्रर्र!
माकड खाली उतरलं. कोलांटी, कोलांटी, टण्ण!
निंबआजोबांचं हसू थांबलं. डिंक सुटला. टप टप टप!
साळूकाकानं नळीला डिंक लावला. हवा भरली. फस्सक, फस्सक, फस्सक! चाकं झाली टम्म!
बेडूकशेठनं एक शेंग फोडली. कट्ट! दाणा खाल्ला. "वा ताई, गोड आहेत! डराव! ट्रॅक्टर तुमचा!"

चिंची ट्रॅक्टरवर बसली. बटण दाबलं.
फुट्. फुट् फुट्. फुट फुट फुट फुट फुट!
"आई, आम्ही कुठं बसायचं?"
"धरा ट्रॅक्टरची शेपटी!"
आता ट्रॅक्टरला शेपटी असते का? नसते! मग दोन पिल्लं आईच्या मांडीवर बसली. एक स्टेअरिंगवर बसलं. एक तर भोंग्यावरच बसलं.
फुट फुट फुट फुट! पीं! पीं! पीं!

हत्तीदादा दुकानातून बाहेर आले. उंटमामांनी मान उंच केली.
"चिंचीताई, जोरात!"
"जोरात म्हणजे काय! सरका, सरका!"

शेत आलं. माती अजून मऊ होती. ट्रॅक्टर आत शिरला. खर्र खर्र खर्र! इकडून तिकडं गेला. तिकडून इकडं आला. चिंचीला दिसायचं कमी. ओळी झाल्या नागमोडी. एक ओळ ओढ्याकडं. एक ओळ बांधाकडं. एक ओळ तर गोल गोल गोल!
पिल्लं हसून हसून लोळली. "आई, वाकडं झालं!"
"होऊ दे! शेंगांना काय, वाकड्यातही उगवता येतं!"

सगळं शेत नांगरलं. सगळे दाणे पेरले. वर माती लोटली. थाप थाप थाप.
मग चिंची ट्रॅक्टरच्या सीटवर नीट बसली. दोन्ही पाय टेकवले. पोचत होते! अगदी पोचत होते! तिनं शेताकडं बघितलं. ट्रॅक्टरकडं बघितलं. मिशांतल्या मिशांत हसली.
"आई," पिल्लं म्हणाली, "अजून एक फेरी!"
"अरे, शेत संपलं की!"
"मग शेताच्या भोवती!"
चिंचीनं बटण दाबलं.
फुट फुट फुट फुट! पीं! पीं! पीं! पीं! पीं!

शेत झालं नांगरून,
गोष्ट घ्या पांघरून!