डोमकावळ्याच्या वळणावरचं आंबवण

दूर उत्तरेला, जिथे हिवाळ्यात दुपारीच दिवे लावावे लागतात, त्या सोन्याच्या मुलखात नदीकाठी डोमकावळ्याचं वळण नावाचं गाव आहे. चाळीसएक लाकडी घरं. प्रत्येक घरात चुलीच्या उबेला एक मातीची बरणी आणि तिच्यात पावासाठीचं आंबवण. आपण विरजण जपतो तसंच ते जपतात; थोडं वापरायचं, थोडं मागे ठेवायचं. पण या गावाची रीत निराळी. घरातलं माणूस दूरच्या प्रवासाला निघालं, की त्याची पाठ वळताच घरची बाई वाटीभर आंबवण शेजारी नेऊन देते.

पाहुण्यांना याचं नवल वाटतं. मग धक्क्याजवळ राहणाऱ्या वृद्ध इंग्रिडबाई त्यांना बाकावर बसवतात आणि हुल्दाची गोष्ट सांगतात.

सोन्याची आवई उठली, तेव्हाची गोष्ट म्हणे. हुल्दा आणि तिचा नवरा अँडर्स समुद्रापलीकडून, नॉर्वेहून आले. बर्फाची खिंड चढताना लोकांनी पाठीवर फावडी नि घमेली वाहिली. हुल्दाने आईची बरणी गळ्यात बांधून, कोटाच्या आत छातीशी धरून आणली. काळ्या पिठाचं आंबवण ते, त्यात शहाजिऱ्याचा वास.

वळणावर खोपटं उभं राहिलं आणि अँडर्स वरच्या ओढ्यावर सोनं खणायला निघाला. तीन दिवसांची वाट. हुल्दाच्या माहेरची समजूत अशी, की आंबवण उंबऱ्याबाहेर जातं ते घरची बाई देवाघरी गेल्यावरच. माणूस परगावी असताना तर ते मुळीच द्यायचं नाही. त्याची परतीची वाट मोडते. म्हणून त्याच्यादेखत तिने बरणीवर हात ठेवून नेम धरला. "तू आत येईपर्यंत यातला थेंबही बाहेर जाणार नाही."

नेम तिने चार महिने पाळला. शेजारणी मागायला येत नि हात हलवत परत जात. "हुल्दाबाईची बरणी म्हणजे खरी सोन्याची खाण! बोट लावू देईल तर शपथ," असं तिच्या तोंडावर म्हणत. हुल्दा खाली मान घालून ऐकून घेई.

मग एका सकाळी शेजारची नोरा आली. तिचा नवरा डिनी अँडर्सच्याच खोपटात राहून खणत होता. नोरा पोटुशी होती. तिचं आंबवण थंडीने मेलं होतं आणि कडक बिस्किटं, उकडलेल्या शेंगा, काही म्हणता काही पोटात ठरत नव्हतं.

"मागायला नाही आले, बाई," ती म्हणाली. "नुसता वास घ्यायला आले."

हुल्दाने तिच्या मनगटाकडे पाहिलं. काटकी झाली होती. तिने वाटी भरली, वर चिमूटभर शहाजिरं घातलं. नोरा गेल्यावर मात्र ती चुलीपुढे गुडघ्यांवर बसून रडली. "देवा, नेम मोडला तो मी. शिक्षा मला कर, त्याला नको."

नोराने दोन पाव भाजले. एक खाल्ला, तो पोटात राहिला. दुसरा तिने टपालाच्या कुत्रागाडीबरोबर डिनीला धाडला.

ओढ्यावर शेकोटी पेटवून गोठलेली जमीन वितळवायची, मऊ होईल तेवढी उपसायची, असं चाललं होतं. डिनीने पाव मोडून अर्धा अँडर्सला दिला. अँडर्सचा घास तोंडातच राहिला. शहाजिरं! हे आंबवण बाहेर आलं कसं? म्हणजे हुल्दा गेली.

त्याने फावडं टाकलं. डिनी म्हणाला, "अरे, आज ना उद्या सोनं लागेल! आता कुठे निघालास?" पण अँडर्सचा चेहरा पाहून तोही निघाला. असल्या माणसाला बर्फात एकटं कसं सोडायचं?

तिसऱ्या दिवशी भर दुपारी हुल्दाचं दार उघडलं.

"आहेस तू?" अँडर्स दारातूनच म्हणाला.

"आहे. पाय झटक, बर्फ आत आणू नकोस," ती सवयीने म्हणाली, आणि मग तिच्या हातातली कढई खाली पडली.

"मग आंबवण का दिलंस, बाई? मी वाटभर तुला रडत आलो!"

दोन दिवसांनी टपालवाला बातमी घेऊन आला. वर ओढ्याचा बर्फ अवचित फुटून पाण्याचा लोंढा आला होता. नदीकाठच्या मूळ लोकांनी खालच्या काठाला राहू नका म्हणून बजावलं होतं. बाकीचे उंचावर गेले होते. खाली राहिलं होतं ते या दोघांचंच खोपटं, आणि त्याची एक फळीही उरली नव्हती.

अँडर्स पुन्हा खणायला गेला नाही. त्याने वळणावर नाव चालवली, हुल्दाने पाव भाजले, नोराला मुलगी झाली. आणि हुल्दाने नवा नेम धरला. माणूस बाहेर पडलं, की आंबवण द्यायचंच. वाट त्याने मोडत नाही, बांधली जाते, असं ती म्हणे.

आजही वळणावरून नाव सुटली, की कुणीतरी झाकलेली वाटी घेऊन शेजारी जातं. आजही परतलेला माणूस आधी शेजारच्या दारी पावाचा तुकडा खातो, मग आपल्या उंबऱ्याशी येऊन विचारतो, "आहेस का?" आणि आतून उत्तर येतं, "आहे. पाय झटक."